बाहीचं काज

आमच्या इमारतीत त्यांना काजवाल्या मावशी म्हणतात. शहरातले चार टेलर त्यांच्याकडे शर्ट पाठवतात. शिवलेले, पण काजं न केलेले. मावशी खिडकीशी खुर्ची ओढून बसतात. खडूने खूण करतात, कापड चिरतात आणि कडेने दोरा भरत जातात. मशीनचं काज दोन धुण्यांत विस्कटतं, असं त्यांचं ठाम मत आहे.

त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी पहिल्या. मी साहित्याची पदवी घेतली, तेव्हापासून त्या मला पंडित म्हणतात.

"पंडित, सुईत दोरा ओवून दे. एवढं शिकलास, कुणाच्या तरी उपयोगी पड."

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. जिना छत्तीस पायऱ्यांचा. एकदा खाली उतरल्या की वर जायचं म्हणून त्यांचा चेहरा पडायचा. त्यांची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, तळमजल्यावर. तिच्या समोरची खोली विकायला निघाली.

"दारं समोरासमोर," बहीण म्हणाली. "भांडायचं झालं तर उठायलासुद्धा नको."

"मग बसूनच भांडू," मावशी म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या होत्या.

खोलीचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. मावशींच्या घराला गिऱ्हाईकही मिळालं. शेजारचंच जोडपं. त्यांना मधली भिंत पाडून घर मोठं करायचं होतं. मग कपाटातून घराचे कागद निघाले. घर दोघांच्या नावावर होतं. पहिलं नाव मावशींचं, दुसरं त्यांच्या यजमानांचं.

यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "घरी तरी सुट्टी असू दे." सव्वासात वर्षांपूर्वी एका रविवारी ते बुटांना नवीन सोल बसवायला म्हणून बाहेर पडले. बूट चांभाराकडे दिले आणि चपला घालून पुढे गेले. चार दिवसांनी मावशी बूट घेऊन आल्या. ते आले नाहीत. भांडण नव्हतं, आजार नव्हता. कुणी फार विचारलं तर मावशी एवढंच म्हणतात, "सोल मात्र छान बसवलेत."

वकीलबाईंकडे आम्ही तिघं गेलो. प्रश्न बहीण विचारत होती.

"सात वर्षं घर हिने एकटीने सांभाळलं. मग हिचंच झालं ना?"

"नाही. अर्धं त्यांचंच आहे."

"मग हिचं अर्धं विकू."

"विका. पण अर्ध्या स्वयंपाकघरात राहायला कोण येईल?"

"नवऱ्याच्या वतीने बायकोची सही चालत नाही?"

"त्यांनी तसं लिहून दिलं असेल तर चालते. दिलंय?"

"बूट द्यायला जाताना कोण लिहून देतं?" मावशी म्हणाल्या.

वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी सावकाश सांगितलं. माणसाची सात वर्षं काहीच खबर नसेल, तर कोर्ट तो हयात नाही असं धरू शकतं. मग त्याच्या सहीची गरज उरत नाही. दुसरे वारस नाहीत, म्हणजे घर मावशींचं. वेळ लागेल, पण कोर्टात अर्ज गेला की शेजारी आणि खोलीचा मालक दोघंही थांबतील, त्यांच्याशी वकीलबाई स्वतः बोलणार होत्या.

"म्हणजे मी म्हणायचं, हे गेले?"

"तसं कोर्ट म्हणेल. तुम्ही फक्त म्हणायचं की सात वर्षं काही कळलं नाही."

मावशींनी पदराला लागलेला एक दोरा काढला. बोटाला गुंडाळला. "एवढं म्हणता येईल," त्या म्हणाल्या.

वकीलबाईंनी पोलीस चौकीतून यजमान बेपत्ता झाल्याच्या फाइलची नक्कल मागवली. आठवड्याने आम्ही परत गेलो. त्या पानं उलटत होत्या. एका पानावर थांबल्या.

"हा जबाब कुणी लिहिलाय?"

माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

यजमान गेल्यावर अडीच वर्षांनी ओळखीचा एक बस कंडक्टर मावशींना रस्त्यात भेटला होता. म्हणाला, परगावच्या गाडीत तुमचे मालक दिसल्यासारखे वाटले. गर्दी होती, नीट पाहिलं नाही. मावशी तशाच चौकीत गेल्या. हवालदार म्हणाला, "दिसल्यासारखे वाटले, यावर काय शोधू? नीट लिहून आणा." त्या माझ्याकडे आल्या. मी नुकताच पदवीधर झालो होतो. बारीक तपशिलाने लिखाण खरं वाटतं, हे मला ताजं ताजं कळलं होतं. मी विचारलं, जाताना अंगात काय होतं? निळा शर्ट, त्या म्हणाल्या. उजव्या बाहीचं काज उसवलं होतं. निळा दोरा संपला होता, म्हणून तपकिरी दोऱ्याने केलं होतं.

मी लिहिलं, "तिकिटासाठी त्यांनी हात पुढे केला, तेव्हा उजव्या बाहीचं तपकिरी दोऱ्याचं काज कंडक्टरने स्पष्ट पाहिलं."

मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. कंडक्टरने न वाचता सही केली. हवालदार म्हणाला, "हं, आता कसं." फाइल पुन्हा उघडली. त्या फाइलमध्ये तेवढी एकच खबर आहे.

"सात वर्षं या तारखेपासून मोजली जातील," वकीलबाई म्हणाल्या. "अजून सव्वादोन वर्षं आहेत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लिहिलंय चांगलं."

मी मान वर केली नाही.

त्यांनी कंडक्टरला फोन लावला. तो आता निवृत्त होऊन मुलाकडे राहतो. त्याला नीट आठवत नव्हतं. वकीलबाईंनी जबाब वाचून दाखवला. तो म्हणाला, "कागदावर आहे ना? मग पाहिलंच असणार मी."

एक वाट उरली होती. मावशींनी प्रतिज्ञापत्र द्यायचं, की चौकशीअंती ती खबर चुकीची असल्याची आपली खात्री झाली आहे. मीही देणार होतो, ते वाक्य माझ्या मनचं आहे म्हणून. मी सही केली. माझ्या सहीने मात्र फारसं काही होणार नव्हतं. खबर कंडक्टरची होती आणि ती चौकीत नेली होती मावशींनी.

मावशींनी चष्मा लावला. कागद वाचला. पेन हातात घेतलं आणि तसंच ठेवलं.

"बाहीचं काज माझ्या हातचं आहे," त्या म्हणाल्या. "ते चुकीचं कसं म्हणू?"

"अगं, सही कर ना," बहीण कळवळून म्हणाली. "महिना संपत आला!"

मी मावशींना बाहेर जिन्यात घेऊन आलो. भिंतीला धरून त्या उभ्या होत्या.

"मावशी, ते काजाचं कंडक्टर बोललाच नव्हता. मी घातलं होतं ते. माझ्या मनाने."

"ठाऊक आहे रे. रंग मीच नाही का सांगितला?"

"मग?"

"बस पण तूच घातलीस?"

"नाही. बस खरी."

"कंडक्टर?"

"तो खरा."

"मग झालं," मावशी म्हणाल्या. "बसमध्ये बसले असतील तर तिकीट काढलंच असेल. फुकट जाणारे नाहीत ते. हात पुढे केल्याशिवाय तिकीट कोण देतं?"

तीन वर्षं कॉलेजच्या वर्गात चांगल्या वाक्यांबद्दल ऐकून मी बाहेर पडलो होतो. एक वाक्य परत कसं घ्यायचं, ते तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

महिनाअखेरीला समोरची खोली दुसऱ्या कुणी घेतली. शेजारच्या जोडप्याने वरच्या गल्लीत घर पाहिलं. बहीण दहा दिवस मावशींशी बोलत नव्हती. मग फोन करून मला म्हणाली, "तिला नाही, तुला बोलायला हवं होतं मी." बोलली असती तर बरं झालं असतं.

मी जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवली आहे. टेलरकडचे शर्ट मीच आणतो, मीच पोचवतो.

काल मावशींनी हाक मारली. वकीलबाई म्हणाल्या होत्या, वर्तमानपत्रात यजमानांच्या नावे जाहीर निवेदन देऊन ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

"लिही, पंडित."

मी कागद घेतला. त्यांचं नाव लिहिलं, घराचा पत्ता लिहिला, आणि थांबलो.

"पुढे?"

मावशींनी हातातलं काज पुरं केलं. दोरा दाताने तोडला.

"लिही, घराच्या कागदावर सही हवी आहे. मी दुसऱ्या मजल्यावरच आहे."

मी तेवढंच लिहिलं. वाचून दाखवलं.

"परत वाच," त्या म्हणाल्या.