चार सेकंदांचा अंधार

१४ मार्च २०१९ रोजी नेव्हिल ओल्डरॉइडने बावीस पौंड नव्याण्णव पेन्स भरून एक फिल्म मागवली. ती त्याच्याकडे आधीच होती, एकदा टेपवर आणि एकदा डीव्हीडीवर. पण मूळ रीळ साफ करून चित्र लख्ख केलेली ही नवी आवृत्ती होती, आणि नेव्हिलला एक गोष्ट सिद्ध करायची होती.

फिल्म १९७४ सालच्या एका रॉक मैफलीची. मैफल नेव्हिलच्या गावी, इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्याच एका थिएटरात झाली होती. नेव्हिल तेव्हा पंचवीस वर्षांचा. दिवसा लोकरीच्या गिरणीत आणि संध्याकाळी थिएटरच्या बाल्कनीत. बाल्कनीच्या दोन टोकांना दोन मोठे झोताचे दिवे असत. डावा नेव्हिलचा, उजवा त्याच गिरणीतल्या गॉर्डन सग्डनचा. दिव्यात कार्बनच्या कांड्या जळत. त्या संपत आल्या की एखादे संथ गाणे पाहून, समोरच्याला हाताने खूण करून बदलायच्या, असा नियम होता. फिल्ममध्ये हे दोघे कुठेच दिसत नाहीत. दिसतात ती त्यांची प्रकाशाची दोन वर्तुळे.

पंचावन्नाव्या मिनिटाला गिटारवाला एकटा वाजवत असतो. बाकी दिवे मंद, त्याच्यावर एकच झोत. आणि तो झोत विझतो. चार सेकंद नुसता काळोख आणि गिटार. मग समोरच्या टोकाकडून दुसरा झोत धावत येतो.

या काळोखाचे लोकांनी फार कौतुक केले. सोबतच्या माहितीपटात दिग्दर्शक गंभीर चेहऱ्याने सांगतो की ती कल्पना त्याची होती. खरी गोष्ट दोघांनाच माहीत होती: कोणाच्या तरी कांड्या संपल्या होत्या. कोणाच्या, यावर मात्र एकमत नव्हते. एकाने गायकावर झोत ठेवायचा आणि दुसऱ्याने गिटारवाल्यावर, पण त्या संध्याकाळी दोघांनी मध्येच अदलाबदल केली होती, आणि टेपवर काय, डीव्हीडीवर काय, सगळे धूसर दिसे.

नेव्हिलची बायको गेल्यावर गॉर्डन दर रविवारी दुपारी तीनला येऊ लागला. पडदे ओढायचे, नेव्हिलने डाव्या खुर्चीत बसायचे, गॉर्डनने उजव्या. दर वेळी हीच फिल्म लागे असे नाही, पण शेवटी वाद तिथेच येई. मग दोन वर्षांपूर्वी क्लबात, दहाबारा जणांसमोर, नेव्हिल म्हणाला, "गॉर्डन तेव्हाही डुलक्याच काढत होता." सगळे खो खो हसले. गॉर्डनने अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि कोट घातला. त्यानंतर तो आला नाही. नेव्हिलने तीनला पडदे ओढायचे सोडले नाही.

नवी चकती आली त्या रविवारी त्याने पंचावन्नाव्या मिनिटाला चित्र थांबवले. गिटारवाल्याच्या मागच्या पडद्यावर त्याची सावली स्वच्छ दिसत होती. ती उजवीकडे पडली होती. म्हणजे प्रकाश डावीकडून आला होता.

नेव्हिलने चित्र मागे नेले, पुन्हा पुढे आणले. सावली जागची हलली नाही. मग त्याला सगळे आठवले. कांड्या संपत आल्याचे त्याला कळले होते; दिवा कुरकुरत होता. पण गिटार अशी काही वाजत होती, की तो ऐकत राहिला.

चहा गार होईपर्यंत तो बसून होता. मग त्याने फोन लावला. गॉर्डनच्या मुलीने, लिनेटने, उचलला.

"नेव्हिलकाका! जिवंत आहात होय? थांबा, बाबांना देते. त्यांना हल्ली नीट दिसत नाही हं, नजरेच्या मधोमध डाग आलाय."

गॉर्डन फोनवर आला. "काय रे, कोण मेलं?"

"कोणी नाही. नवी आवृत्ती आलीये. सावली दिसते. ये बघायला."

"बघायला? लेका, मला माझा पाय दिसत नाही."

"मग ऐकायला ये."

पुढच्या रविवारी तो टॅक्सीने आला, हातात पोर्क पाय, म्हणजे मांस भरलेली भाजलेली पेस्ट्री, घेऊन, आणि चाचपडत बरोबर उजव्या खुर्चीत बसला. पंचावन्नावे मिनिट आले. नेव्हिलने चित्र थांबवले.

"हं," गॉर्डन म्हणाला, "सांग. सावली कुणीकडे?"

काहीही सांगता आले असते. नेव्हिलने एकदा पडद्याकडे पाहिले आणि एकदा गॉर्डनकडे. तो टीव्हीच्या थोडे बाजूला कुठेतरी पाहत होता.

"उजवीकडे. दिवा माझा होता, गॉर्डन. मी ऐकत बसलो होतो."

गॉर्डनने खुर्चीच्या हातावर दोनदा बोटे आपटली. मग म्हणाला, "दिवेवाल्याने ऐकायचं नसतं."

"माहीत आहे."

"पंचेचाळीस वर्षं, गाढवा. आणि ते क्लबात."

"तेही माहीत आहे. त्या सगळ्यांना सांगतो."

"त्यातले निम्मे मेलेत. जाऊ दे. तो पोर्क पाय काप."

त्यांनी उरलेली फिल्म पाहिली, म्हणजे नेव्हिलने पाहिली. कोणाचा झोत कुठे आहे, हे तो सांगत गेला. गॉर्डन "हं, हं" करत राहिला. एकदाही त्याने "खोटं" म्हटले नाही. पूर्वी या तासात दोघांचे आवाज गिटारवर चढत. आज गिटार नीट ऐकू येत होती, आणि नेव्हिलला ती ऐकवेना.

निघताना टॅक्सीवाल्याला आधीच रोख हवी होती. गॉर्डनने खिसे चाचपले; पाकीट घरी राहिले होते, येतानाचे भाडे लिनेटने दिले होते. पैसे नेव्हिलने दिले. "पुढच्या रविवारी देतो," गॉर्डन म्हणाला आणि डोके सांभाळत आत बसला.

पुढच्या रविवारी पावणेतीनला फोन आला.

"येत नाही रे. दिसत काही नाही, आणि आता भांडायचं तरी कशावर?"

"दुसरी कुठली तरी फिल्म लावू."

"बघू," गॉर्डन म्हणाला.

नेव्हिलने पडदे ओढले आणि डाव्या खुर्चीत बसला. त्यानंतरच्या रविवारीही तो एकटाच बसला, आणि त्याच्या पुढच्याही.

टॅक्सीचे आठ पौंड चाळीस पेन्स गॉर्डनकडून अजून यायचे आहेत.