साईडिंगवर बांधलेली म्हैस

"मावशी, ट्रायलचं इंजिन निघालंय. म्हैस सोडा."

"सोडत न्हाई."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. हौसाक्का कमरेवर हात ठेवून रुळांच्या मधोमध उभी. तिच्या म्हशीचं दावं रुळाला बांधलेलं. लांबवर इंजिन हॉर्न देत होतं आणि माझ्या खिशात फिट सर्टिफिकेट होतं. म्हणजे ही लाईन गाडी चालवायला सुरक्षित आहे, असं मीच सही करून दिलेल्या कागदाची प्रत.

मी रेल्वेत पीडब्ल्यूआय होतो. रूळ, स्लीपर, खडी आणि त्यांच्याखालची जमीन सांभाळणारा माणूस. नव्वदीच्या अखेरीला कोल्हापुरातली एक बंद पडलेली साईडिंग पुन्हा सुरू करायचं काम माझ्याकडे आलं. साईडिंग म्हणजे मुख्य लाईनला फुटलेला छोटा फाटा. हा गावाबाहेरच्या जुन्या गोदामांपर्यंत जायचा. तो बंद असल्यामुळे खताच्या आणि सिमेंटच्या मालगाड्या भर गावात, स्टेशनजवळच रिकाम्या होत. माल न्यायला आलेले ट्रक रस्त्याच्या दोन्ही कडांना दिवस दिवस उभे. रिक्षा निघायची नाही, दुकानापुढं सायकल लावायला जागा नाही. माझं क्वार्टर त्याच रस्त्याला, त्यामुळे साहेबांच्या आधी बायकोचा तगादा असायचा.

हौसाक्काचा गोठा फाट्याच्या भरावाला लागून होता. चार म्हशी. सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाईक पेला घेऊन उभं राहायचं. म्हैस समोर पिळायची आणि दूध तिथंच उभ्या उभ्या प्यायचं. कोल्हापूरची ही जुनी रीत. मीही तिथं प्यायलो होतो. तरी जागा रेल्वेची म्हणून तिला नोटीस मीच दिली. ती भांडली नाही. गोठा हलला, आम्ही जागा सपाट केली, वर मुरूम टाकून चोपला.

ट्रायलच्या तीन दिवस आधी ती ऑफिसात आली.

"सायब, मोरीचं तोंड बुजवलंसा की तुमी."

मोरी म्हणजे पावसाचं पाणी जायला रुळांखालून बांधलेली वाट. मी अख्खा फाटा पायी चालून तीन मोऱ्या मोजल्या होत्या.

"तिथं मोरी नाही, मावशी."

"हाय की! गोठ्यामागं. दरसाल मीच उपसत हुतो. न्हाईतर समदं पाणी म्हशींच्या पायात येतंय."

मला वाटलं, जागा परत मिळावी म्हणून ही कुसपट काढतेय. जुना नकाशा मागवायला हवा होता, तो मागवला नाही. लिहायला लाज वाटते, पण तिला चहासुद्धा विचारला नाही. पुढचे दोन दिवस वळीव झोडपून गेला.

आणि आज ही म्हैस. मी भडकलोच होतो. पोलिसांना बोलवा म्हणणार, तेवढ्यात आमच्या गँगचा मुकादम दस्तगीर हळूच म्हणाला, "सर, एकदा पहार घालून तर बघू."

त्यानं भरावाच्या कडेला पहार मारली. चोपलेल्या मुरमात ती चार बोटं जायला हवी होती. ती हातभर गेली, नुसत्या वजनानं आणखी खाली गेली. वर काढली तर चिखलानं माखलेली. लाल झेंडी उघडून दस्तगीर इंजिनाच्या दिशेनं पळत सुटला.

इंजिन थांबलं. आतून आमचे साहेब उतरले.

"ट्रायल कुणी थांबवली?"

"मी, सर."

"सर्टिफिकेट तर तुमचंच आहे!"

"चुकलं, सर."

साहेबांनी पहारेचं भोक पाहिलं, मग म्हशीकडे पाहिलं. "ही कुणाची?"

"यांची."

"मग काम होईपर्यंत सोडू नका तिला," साहेब म्हणाले.

दुपारपर्यंत खणल्यावर चौथी मोरी सापडली. दगड निखळलेले, एका अंगाला पाणी तुंबलेलं, भराव आतून भिजून मऊ झालेला. इंजिनाचं वजन शंभर टनांच्या वर. त्यात ड्रायव्हर, त्याचा असिस्टंट आणि साहेब. मी खडीवरच बसलो.

"मावशी, मी तुम्हाला उठवलं. तरी तुम्ही आलात?"

"गोठा माझा गेला," ती दावं सोडत म्हणाली. "त्यात डायवरची काय चूक?"

मोरी नव्यानं बांधली आणि पंधरवड्यानं ट्रायल नीट पार पडली. ट्रक गावाबाहेर गेले. स्टेशनजवळचा रस्ता इतका मोकळा झाला, की पहिले काही दिवस लोक उगाचच बघत उभे राहत. तिथंच स्टेशनच्या भिंतीकडेला सकाळी दोन तास म्हशी बांधायची लेखी परवानगी साहेबांनी हौसाक्काला मिळवून दिली. अर्ज मी लिहिला. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात सुवाच्य अक्षर असेल. बदली होईपर्यंत मी रोज तिथं पेलाभर दूध प्यायलो. त्या सकाळचा विषय तिनं एकदाही काढला नाही.

लाईन तपासणीच्या फॉर्ममध्ये 'स्थानिक चौकशी' असा एक रकाना असतो. तोवर मी तिथं डोळे झाकून 'निल' लिहीत आलो होतो. त्यानंतर रिटायर होईपर्यंत, तिथल्या एखाद्या माणसाचं नाव लिहिल्याशिवाय मी फॉर्मवर सही केली नाही.