एका जिऱ्याचं अंतर

दाऊदचाचा ग्रिल दुरुस्त करायला आले, की पिशवीतली हत्यारं काढण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणायचे, "बाय, एक जिरा दे." पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याचं पोट बिघडलंय. मी मूठभर जिरं दिलं. त्यांनी त्यातला एक दाणा उचलला, बाकीचे परत डब्यात टाकायला लावले.

तो दाणा मापासाठी होता. गॅसच्या ग्रिलचं बटण दाबलं, की आतल्या एका काडीच्या टोकावरून बर्नरवर ठिणगी उडते आणि गॅस पेटतो. त्या काडीत आणि बर्नरमध्ये एका जिऱ्याएवढंच अंतर हवं, असं चाचांचं म्हणणं. "जास्ती झाला तर ठिणगी पोचत नाय, कमी झाला तर तिच्यात दम नाय. माणसांचा पण तसाच हाय."

माझं हॉटेल खांब गावात, हायवेला लागून. भाकऱ्या विकण्यापासून सुरुवात करून मी ते एकटीने उभं केलं. ग्रिल पेणच्या एका बंद पडलेल्या फार्महाऊसमधून भांडून आणलं होतं. चाचा रोह्याचे. मस्कतच्या हॉटेलात वीस वर्षं असली ग्रिलं सांभाळून परतलेले. त्यांनी मजुरीचा एकच आकडा सांगितला. मी तो निम्म्यावर आणायला तोंड उघडलं, तर पिशवी उचलून निघाले. मलाच हाक मारावी लागली. घासाघीस करणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटतो, न करणारा काहीतरी लपवतो. त्या दिवसापासून माझी त्यांच्यावर नजर होती.

संशयी तेही कमी नव्हते. "शक घ्यावा, पण लायनीत घ्यावा," म्हणायचे. पहिला शक गॅसवर. सिलिंडर बंद करायचे, ग्रिलचं झाकण उघडायचे आणि साचलेला गॅस उडून जाईपर्यंत पाच मिनिटं थांबायचे. मग नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघायचे. त्यानंतर बटणामागचा सेल, मग वायर, मग ती काडी आणि तिच्याभोवतीचं चिनी मातीचं पांढरं नळकांडं.

"आणि सगळ्यात शेवटी?" मी एकदा विचारलं.

"रोज ज्याचा हात लागतो, त्याच्याव."

हे मला उद्देशून आहे, असं मी तेव्हाच मनात धरलं.

एकदा बटण चालेना म्हणून हॉटेलात कामाला असलेल्या आमच्या सुनंदाने गॅस सुरू ठेवूनच लायटर शोधला. झाकण बंद होतं. ते उघडून लायटर लावला, तसा भडका उडाला आणि तिची डावी भुवई गेली. चाचांना कळलं तेव्हा ते तिच्यावर असे ओरडले, की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "चूल नाय ती, पिंजरा हाय! आत वाघ भरलास आन् मग दार उघडलास!"

"चाचा, भुवई येईल ना परत?" सुनंदाने रडवेल्या तोंडाने विचारलं.

"भुवई येल गो. डोला नाय येनार."

पावसाळा लागला आणि खरी कटकट सुरू झाली. चाचा ते नळकांडं कोरड्या फडक्याने पुसायचे, दहा वेळा बटण दाबून दहा ठिणग्या दाखवायचे. दुसऱ्या सकाळी ग्रिल मुकं. असं तीनदा झालं. माझा हिशोब सरळ होता. म्हातारा मुद्दाम खोट ठेवून जातो, म्हणजे परत बोलावणं येतं. मी सुनंदाला त्यांच्या हातांवर पहारा करायला बसवलं.

दर वेळी ते एकच प्रश्न विचारायचे. "बाय, जाळी घासतेस कशान?"

"राखेनं," मी सांगायचे.

ते खोटं होतं. ग्रिलवरची माझी जाळी आरशासारखी चमकायची, त्याचं गुपित माझ्या आईचं होतं. चाचा हायवेवरच्या चार हॉटेलांत जायचे. त्यांना सांगितलं असतं, तर आठवड्यात सगळ्यांच्या जाळ्या चमकल्या असत्या.

मग तो शनिवार आला. धाटावच्या एका कंपनीची पार्टी संध्याकाळी माझ्याकडे होती. जेवण पसंत पडलं तर दर महिन्याला येणार होते. त्यांचा माणूस सकाळीच चव बघायला येऊन बसला आणि ग्रिल पेटेना. चाचांना बोलावलं. त्यांनी लायनीत सगळं तपासलं, नळकांड्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बाय, तू धरमतरकडची ना गो? मिठागरातली?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पेणच्या शाळेत पोरी मला 'खारी' म्हणून चिडवायच्या, ते सगळं एकदम वर आलं. "व्हय, मिठागरातली! मग? खोट ठेवून फेऱ्या मारणाऱ्यानं माझं गाव काढायचं नाय!"

कंपनीच्या माणसाचा चहाचा कप हातातच राहिला. चाचांनी बोलायला तोंड उघडलं, त्या माणसाकडे बघितलं आणि तोंड मिटलं. नळकांडं पुसलं, बटण दाबलं. टक. ग्रिल पेटलं. "रातचा निभंल," एवढंच म्हणून पिशवी उचलली. जिऱ्याचा दाणा ओट्यावर तसाच राहिला.

पार्टी छान झाली. चाचा परत आले नाहीत. मीही बोलावलं नाही. झाकण उघडून हाताने पेटवत राहिले.

महिन्याभराने, जाळी घासायला भावाकडून येणारं खडं मीठ आलं नाही. मी जाळी खरोखरच राखेने घासली. दुसऱ्या सकाळी चाचांसारखं नळकांडं कोरड्या फडक्याने पुसून बटण दाबलं, तर ग्रिल पेटलं. मग न पुसताही चार दिवस रोज पेटत राहिलं. पाचव्या दिवशी मीठ आलं, मी घासलं, आणि सकाळी ग्रिल पुन्हा मुकं. मी नळकांड्याला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. आमच्याच मिठागराची चव. घासताना मीठ खाली पडत होतं, पावसाळी हवेत ओलं होत होतं, आणि ठिणगी बर्नरकडे उडी मारायची सोडून त्या ओल्या मिठावरून वाट काढून विझत होती.

मी रोह्याला गेले. चाचांच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारचा शिंपी म्हणाला, "चाचा वारले. पंधरा दिवस झाले."

माझा राग अजून गेलेला नाही. एक वाक्य बोलायचं होतं त्यांनी. पण ते वाक्य 'तू खोटं बोललीस' असं झालं असतं, आणि समोर माझं गिऱ्हाईक बसलं होतं.

ग्रिल पेटलं नाही, की आता मी आधी गॅस बंद करते, झाकण उघडते, पाच मिनिटं थांबते. मग नळकांड्याला बोट लावून जिभेवर ठेवते. आळणी लागलं, तरच दुसऱ्या कोणावर शक घेते.