लखनच्या रायफलीसाठी ॲक्शन निवडताना

आमच्या घरी यांना, म्हणजे सुधाकररावांना, नावानं कोणी हाक मारत नाही. आदिलाबादेत ते बंदूकवाले. दुकान पुढं, घर मागं, मधे एक पडदा. चाळीस वर्षं झाली, सरकारी परवान्यावर लोकांच्या बंदुका दुरुस्त करतात. बोलणं कमी. जेवताना मी काही विचारलं तर "हूं", नाही विचारलं तरी "हूं".

नवरात्राच्या तोंडावर तामसीकडचा लखन आला. रानडुकरं मारायची परवानगी वनखात्यानं ज्यांना दिली, त्यांच्यातला हा एक. मका कणसात आलेला, गावं त्याच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली. आजोबांची रायफल त्यानं टेबलावर ठेवली. नळी नवी बसवून द्यायचं यांनी कबूल केलं, पण ॲक्शन गेलेली. ॲक्शन म्हणजे मधली लोखंडी बैठक, जिच्यात काडतूस आत ढकलणारा दांडा, म्हणजे बोल्ट, मागंपुढं सरकतो. गोळी सुटताना सगळा दाब तीच धरते.

"दुसऱ्या जुन्या रायफलीची घ्यावी लागते," हे म्हणाले. "दोन हायेत माझ्याकडं. कलेक्टर ऑफिसातून कागद करून घेतलेत. बघून सांगतो."

"बघायचं काय त्यात काका? जी चांगली दिसते ती लावा. डुक्कर काय मुहूर्त पाहून येते का?"

"तुझं थोबाड तिच्यामागं राह्यते, म्हणून बघायचं."

लखन हसला. मला हसू आलं नाही. मागच्या वर्षी पलीकडच्या तालुक्यात एका शिकाऱ्याची रायफल ॲक्शनशीच फुटली. बोल्ट मागं आला आणि डावा डोळा घेऊन गेला. ती रायफल यांनी दुरुस्त केलेली नव्हती, तरी हे दोन दिवस जेवले नव्हते.

दोन ॲक्शन आठ दिवस टेबलावर पडून होत्या. एक निळसर चकचकीत, बोल्ट तुपातून गेल्यासारखा सरकायचा, वर दुर्बीण बसवायची भोकंही तयार. दुसरी काळपट, अंगावर गंजाचे खड्डे, बोल्ट अडखळत चाले. हे दोन्ही उचलायचे, काडतूस मावतं का पाहायचे, बोल्टच्या पुढच्या दोन पकडी खाचेत पुऱ्या बसतात का ते बोटानं चाचपायचे. चकचकीत उचलली की अंगठा तिच्यावरून उगाच फिरत राहायचा. मन तिच्यावर बसलेलं मला कळत होतं. पण हो म्हणत नव्हते.

खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं आमच्या देवघरापुढं पाटावर येतात. कानशी, पान्हे, हातोड्या. आदल्या दिवशी यांनी दोन्ही ॲक्शन रॉकेलमध्ये बुडवून, पुसून कोरड्या करून दिल्या. मी फुलं वाहिली, प्रत्येकाला कोरड्या अंगाऱ्याची तीन बोटं ओढली. दुपारी आरतीला शेजारची सुवर्णा आली आणि पाटाशीच थबकली. दोन्हींतली कोणती घ्यायची ते यांचं ठरत नाही, हे तिला माझ्याकडूनच कळलेलं.

"वहिनी, हे पाहा."

चकचकीत ॲक्शनच्या पुढच्या कड्यावर, जिथं नळी बसते तिथं, अंगाऱ्यात एक बारीक ओली रेघ उमटली होती. मी ओढलेल्या पट्ट्यांना आडवी. काळ्या ॲक्शनवर काहीच नाही.

"कौल दिला देवानं," सुवर्णा म्हणाली. "दुसरीवर काऊन नाही आली? सांगा बरं."

मी हात जोडले. पडदा सारून मीच यांना बोलावलं, मीच म्हणाले, "अहो, देवानं रेघ ओढली. ती निळीच घ्या."

हे लांबूनच पाहून गेले. चेहरा मोकळा झाला. लगेच लखनला फोन, "ठरलं. दसऱ्याला काम धरतो."

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजेआधी मी कालचा अंगारा कोरड्या फडक्यानं पुसला आणि नवा लावला. पाणी आणायला उठले, परत आले तर रेघ पुन्हा आलेली. त्याच जागी, तशीच वाकडी. मी वाकले. रॉकेलचा वास आला.

मी तिथंच बसून राहिले. पुन्हा पुसली, पुन्हा अंगारा लावला, आणि या वेळी डोळे न हलवता पाहत राहिले. रेघ माझ्यासमोर हळूहळू भिजत गेली. वरून कोणी ओढत नव्हतं. आतून रॉकेल झिरपत होतं.

उत्तरपूजा झाल्याशिवाय पाटावरचं हत्यार उचलायचं नाही, हे सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलेलं. आजवर मोडलं नव्हतं. अक्षता टाकल्या, देवाला म्हटलं चूक पदरात घे, आणि ती लोखंडी वस्तू पदरात धरून दुकानात गेले.

"ही चिरलेली हाये," मी म्हणाले.

"कोण म्हणते?"

"मी."

"काल तर देव म्हणत होता."

"देव नव्हता म्हणत. मीच म्हणत होते."

यांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं करून राह्यलो मी हे! तीनदा तपासली. काहीच नाही तिच्यात. पूजेतून उचलून आणली, वर मला शिकवतेस?"

"डोळ्यांनी तपासली का बोटांनी?"

त्यांनी रॉकेलची बाटली उचलली. बाहेर कोणी आपट्याची पानं विकत ओरडत होतं. मला वाटलं आता बाटली फेकतात. सुई ओवायला माझ्याकडं देतात, पेपर हातभर लांब धरतात, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पांढरा दिसायला लागला, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण दुकानात ते कोणी बोललं नव्हतं.

त्यांनी बाटलीतलं रॉकेल फडक्यावर घेतलं, कडं भिजवलं, खसखसून पुसलं. खडू किसून त्याची पूड लावली. मग ॲक्शन माझ्यापुढं सरकवली आणि स्वतः भिंतीकडं पाहत उभे राहिले.

"सांग."

"आली," मी म्हणाले. "बोटाच्या पेराएवढी."

मी काळी ॲक्शनही पाटावरून आणली, तिलाही तसंच केलं. मी दोन्ही बाजूंनी, आतून, उजेडात नेऊन पाहिली. पूड कोरडीच राहिली.

"आता पकडीच्या खाचा बघ. तिथं गंज हाये का?"

"नाही. खड्डे नुसते वरच्या अंगाला हायेत."

"नक्की?"

"नक्की."

लखन दुपारी सोनं द्यायला आला आणि टेबलावर काळी ॲक्शन पाहून भडकला. "काका, ही भंगारातली? गावात हसतीन मला! अन् दुर्बीण कुठं लावू, कपाळावर?"

"भोकं मी पाडून देतो. ती दुसरी चिरलेली हाये."

"काल ठरलं म्हणत होते!"

"काल मला दिसलं नाही," हे म्हणाले. परक्या माणसासमोर पहिल्यांदा. "हिला दिसलं."

लखननं माझ्याकडं पाहिलं, मग यांच्या डोळ्यांकडं. "लवकर करा फक्त" म्हणत पानं देऊन पाया पडला.

पंधरा दिवस कानस चालली. मग पोलिसांच्या चांदमारीवर, गोळीबाराच्या मैदानावर, तपासणीची परवानगी आली. सकाळी हे म्हणाले, "लुगडं बदल. तू पण चल." बंदुकीच्या कामाला मी कधी गेले नव्हते. हवालदारानं माझ्याकडं पाहून भुवया उंचावल्या. हे म्हणाले, "माझा चष्मा हाये तो."

रायफल लाकडी घोडीला बांधली, चापाला लांब दोरी, आम्ही वाळूच्या पोत्यांमागं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. दोरी ओढली. कानठळ्या बसल्या. रिकामं काडतूस माझ्या हातात आलं, गरम.

"काय दिसते?"

"गुळगुळीत. फुगलं नाही, चिरलं नाही."

असं पाच वेळा. पाचही काडतुसं मी फिरवून पाहिली. लखन पुढं सरसावला, "द्या आता."

"थांब." यांनी दोरी सोडली, रायफल उचलली. "खांद्यावरची पहिली मी मारतो."

"काका, तुमाला निशाण दिसंल का?"

"निशाण कोणाला मारायचं हाये?"

त्यांनी गाल रायफलीच्या लाकडी कुंद्याला टेकला. तो पांढरा डोळा बोल्टच्या अगदी मागं. मी पोत्याचा काठ धरला, वाळू नखात गेली. देवाचं नाव आठवेना.

आवाज झाला. हे एक पाऊल मागं आले. बोल्ट उघडला, अडखळत, पण उघडला.

"लई लाथ मारते," खांदा चोळत म्हणाले आणि रायफल लखनच्या हातात दिली.