शेऱ्याचा रकाना

"नाम्या, खरं सांग, निम्मं दूध तूच पीत होतास ना?"

माझ्या गाईड सरांनी हे भर सेमिनारमध्ये विचारलं. हॉल हसला. दारात माझा बाप उभा होता. खांद्यावर दुधाच्या नोंदवह्यांची गोणी. तो म्हणाला, "न्हाई साहेब. थेंब न्हाई." हसू आणखी वाढलं.

मी पुढं उभी होते. मागं पडद्यावर माझा आकडा.

तो माझा बाप आहे हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. विद्यापीठाच्या गोठ्यावर त्याची हयात गेली, पण तिथं तो नुसता नाम्या. आडनाव कुणी विचारलंच नाही. मला तिथंच पशुपैदासशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा त्यानंच बजावलं होतं, "माजी पोरगी हाय म्हनून सांगू नको. तुजाबी शेनाचा वास यील त्यास्नी." मी ऐकलं. सोयीचं होतं, म्हणून ऐकलं.

शेवगावकडचं आमचं गाव. आमच्या वस्तीतल्या माणसांना गोठ्यावर शेण काढायला ठेवायचे. धार काढायला नाही. आमचा हात लागलेलं दूध कोण पिणार? एकदा धार काढणारे सगळेच तापानं पडले. गाई हंबरून हंबरून थकल्या, तेव्हा आबाच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, हातात बादली आली. गाई त्याच्याकडं पान्हा सोडायच्या, म्हणून बादली परत कुणी काढून घेतली नाही. आबा चौथी शिकलेला. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गाईचं दूध मोजून वहीत लिहायचा. त्या वह्यांवर सरांचे शोधनिबंध उभे राहिले. माझा प्रबंधही त्यांच्यावरच.

काम असं. एका गाईला दूध जास्त, दुसरीला कमी. या फरकात रक्ताचा वाटा किती आणि चारा, पाणी, गोठा, ऊन यांचा किती, ते काढायचं. त्यासाठी एकाच वळूच्या लेकींचं दूध ताडून बघायचं. रक्ताचा वाटा म्हणजे आनुवंशिकता. माझा आकडा फार खाली आला होता. कुणीतरी कारण विचारलं. तेवढ्यात सरांना दारात आबा दिसला.

"चूक हिची नाही," सर म्हणाले. "माप खोटं असलं की आकडा खाली येणारच. नोंदी कुणाच्या हातच्या, बघा. काही गुण रक्तातच नसतात. प्रामाणिकपणा त्यातलाच."

मी बोलायला हवं होतं. आबानं माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर ओळख येऊ न देता विचारलं,

"मॅडम, वह्या कुठं ठिवू?"

"तिथं ठेवा," मी म्हणाले.

घरी मी त्याला अरे-तुरे करते. त्या दिवशी 'ठेवा' म्हणाले. परक्याला म्हणतात तसं.

रविवारी गावी गेले. आबाही आला होता. मी रडायला लागले तर तोच गोंधळला. "का रडतीस? साहेब गंमत करत हुते." त्याला राग आलाच नव्हता. राग यायला आत काही शिल्लकच ठेवलं नव्हतं लोकांनी. मला हेच सोसवेना.

मग मी वह्या पुन्हा उघडल्या. आम्ही सगळ्यांनी फक्त लिटरचा रकाना वाचला होता. कडेचा शेऱ्याचा रकाना कुणीच नाही. त्यात आबाचं वेडंवाकडं अक्षर. "वासरू मेलं. पान्हा न्हाई." "टँकर आला न्हाई. गाई तान्हेल्या." "कास सुजली." "माजा हात भाजला. दुसऱ्यानं धार काडली. माप खरं न्हाई."

माप खरं नाही, हे स्वतःच्या वहीत लिहिणारा माणूस. त्याला चोर म्हणाले. आणि मी तिथं उभी होते.

ते शेरे धरून गणित पुन्हा मांडलं. टँकर न आलेले दिवस, आजारपणाचे दिवस वेगळे काढले. आकडा वर सरकला, यायला हवा तिथं आला. तरी मोठा वाटा रक्ताचा नव्हताच. चाऱ्यापाण्याचा होता.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी लिहिलं, या नोंदी माझ्या वडिलांनी केल्या. खाली त्याचं पूर्ण नाव. आडनावासकट.

सरांनी ते पान वाचलं. "म्हणजे नाम्या तुझा..."

"बाप. तुम्ही त्याला चोर म्हणालात. मी गप्प बसले. आता बसणार नाही."

"हे पान काढ. मग सही करतो."

"काढणार नाही."

सही झाली नाही. माझ्याबरोबरचे सगळे पास होऊन गेले. आबाला धारेवरून काढलं आणि परत शेणाला लावलं. ज्या गाईंना त्यानं लहानाचं मोठं केलं, त्यांच्या कासेला हात लावायचा नाही. गोठा झाडताना त्या त्याच्याकडं बघून हंबरतात, असं त्यानं आईला सांगितलं. मला नाही.

मागच्या आठवड्यात तो हॉस्टेलच्या फाटकावर आला. "काडून टाक माजं नाव, बाई. मला काय करायचंय नावाचं? तुजं काम अडलंय." एवढं बोलून त्यानं हात जोडले. माझ्या बापानं. माझ्यापुढं.

मी ते हात धरून खाली केले. फाटकाशी पोरं-पोरी उभ्या होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, तू घरी जा. मी बघते."

त्या आठवड्यातच सरांच्या वर, कुलगुरूंकडं, तक्रारीचा अर्ज दिला. सोबत सगळ्या शेऱ्यांच्या प्रती जोडल्या. डिग्री मिळेल, नाहीतर नाही मिळणार. पान निघणार नाही. आबानं सांगितलं तरी निघणार नाही.