रबरी धाव

पुंजाराम कष्टाला भीत नव्हता, कामाला भ्यायचा. कुळव धरायला सांगितलं की त्याची पाठ धरायची. पण ट्रकचं फाटकं टायर हाती दिलं की दिवसभर त्याच्याशी झोंबायचा. त्यातून वहाणा निघायच्या, विहिरीचा पोहरा निघायचा, दाराच्या बिजागऱ्या निघायच्या. रबर कापताना सुरी ओली लागते. बहात्तर साली पाणीच नव्हतं, म्हणून तो सुरीवर थुंकायचा. पाथर्डी तालुक्यातलं आमचं अर्धं गाव त्याच्या थुंकीवर चालत होतं.

मी तेव्हा कानिफनाथ लोहाराकडे घण मारायचो. पुढं जे सांगतो त्यातला बराचसा घाम माझा आहे.

दसरा झाल्यावर श्रीमंत नावाचा मुकादम ऊसतोडीची माणसं ठरवायला आला. पारावर बसून म्हणाला, "कारखान्यानं आत डांबरी रस्ता केलाय. लोखंडी धावंच्या गाड्या घेनार न्हाईत. रबराचं चाक पायजे."

धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवलेलं लोखंडी कडं. उन्हानं मऊ झालेलं डांबर ती उकरते, हे खरं होतं. कारखाना टायरगाड्या देतो, हेही खरं होतं. त्या मुकादमाच्या मेव्हण्यांना मिळाल्या. त्याला मेव्हणे पुष्कळ.

"मग माझं काय?" पुंजारामानं विचारलं.

"तुला डोकं हाय की. मोळ्या डोक्यावर वहा."

"आन् बैल?"

"बैलांसंगं काय लगीन लागलंय तुझं? घोडेगावच्या बाजारात ने."

बैलांची नावं साहेब आणि वकील. साहेब दहादा सांगितल्याशिवाय हलत नसे; वकील सांगितलं तरी नुसती मान हलवी. गावातला कडबा संपला होता. कारखान्यावर उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, भरपूर. पण ते गाडी ओढणाऱ्या बैलांना. गाडी आत गेली तर बैल जगणार होते. नाहीतर बाजार, आणि त्या साली बाजारातून बैल दुसऱ्या गोठ्यात जात नव्हते.

पुंजारामाची बायको लंकाबाई म्हणाली, "बैल इकले तर मी माहेरी जाते. तुमची रबरं राखत बसा."

नगरच्या एका गॅरेजमागून त्यानं झिजलेली टायरं आणली. त्यांच्या पाठीच्या लांब पट्ट्या कापल्या आणि चाकावर ठोकायला घेतल्या. खिळा रबरात जातो, लाकडात जातो, लोखंडात जात नाही. म्हणून पठ्ठ्यानं चाकांवरून धावच उतरवली. कुणाला विचारलं नाही. ओढ्याच्या उतारावर चाकातले आरे एकेक करून बाहेर आले. गाडी बसली, बैल उभे राहिले.

कानिफनाथ बघायला आला. म्हणाला, "पुंजा, करदोडा काढल्यावर लंगोट कशाला ऱ्हातोय?"

"हसू नका, काका. उपाय सांगा."

"सांगायला काय जातंय? घण ह्याला मारायचाय." त्यानं माझ्याकडं बोट केलं.

उतरलेली धाव तापवून आम्ही तिला भोकं पाडली. तापल्या लोखंडावर घण नुसता टाकून भागत नाही, तो कमरेतून आणावा लागतो. दुसऱ्या दिवशी मला वाकून चूळही भरता येईना. पुंजाराम सुंभा, म्हणजे भोक पाडायची पहार, धरून होता आणि "अजून जरा" म्हणत होता. चाक जुळवून, गोवऱ्यांच्या जाळात लाल केलेली धाव परत चढवली. ती आवळायला वरून पाणी ओतावं लागतं. लंकाबाईनं टँकरवरून आणलेलं प्यायचं पाणी ओतलं. सासू बोलायची बंद झाली. लंकाबाईनं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

मग धावेवर रबर, आणि आरपार बोल्ट. बोल्टांची डोकी टायरच्या खाचेत बुडवली, म्हणजे ती रस्त्याला लागायची नाहीत.

भाता थंड होता म्हणून मीही कोयता घेऊन पुंजाराम-लंकाबाईबरोबर निघालो. पहिली खेप भरून गाडी कारखान्याच्या फाटकावर आली ती भर दुपारी.

मुकादम आडवा आला. "ही टायरगाडी न्हाई."

कारकून चाकाकडं बघून म्हणाला, "रबर तर आहे. पण रस्त्यावर ओरखडा दिसला तर गाडी परत."

गाडी डांबरावर चढली आणि बैल थांबले. जन्मभर त्यांच्या मागं लोखंड खडखडत आलेलं. येतानाच्या वाटेवरही खडी वाजत होती. इथं एकदम चिडीचूप. गाडी सुटली असं समजून दोघं मोकळे उभे राहिले. पुंजारामानं शेपट्या पिरगाळल्या, साहेबाच्या आईचा उद्धार केला. मागच्या गाड्या ओरडू लागल्या.

"बैलांस्नीबी पटलं," मुकादम हसला. "घे वळवून."

लंकाबाई पुढं झाली. शेजारच्या टायरगाडीवरचं वाढं तिनं कवळाभर ओढलं आणि बैलांच्या नाकापुढं धरून उलटी चालू लागली. गाडी आत गेल्याशिवाय मुकादम वाढं देत नव्हता; त्या दोघांनी हिरवं असं कितीतरी महिन्यांत तोंडात घेतलं नव्हतं. वकिलानं आधी मान हलवली, मग पाय. साहेब त्याच्या मागं राहायला तयार नव्हता. भरली गाडी आवाज न करता डांबरावरून गेली.

कारकून मागून वाकून चालत आला. उकिडवा बसून त्यानं डांबरावर हात फिरवला, चटका बसला तसा उठला. म्हणाला, "जाऊ द्या."

बैलांनी खायला सुरुवात केली होती.

"ते वाढं माझ्या मेव्हन्याचं हाय," मुकादम म्हणाला.

"मग काढून घ्या की तोंडातनं," लंकाबाई म्हणाली. "वकील चावत न्हाई. साहेबाचं मी सांगू शकत न्हाई."

मुकादमानं साहेबाच्या जबड्याकडं बघितलं. मग दुसऱ्या गाडीवर ओरडायला गेला.