आर्वीच्या गच्चीवरचं धोतर

हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी सिंदी मेघेच्या बाजूने घरघर ऐकू आली की मी हातातलं काम तसंच टाकून गच्चीकडे धावायची. आमच्या फ्लाइंग क्लबचं विमान नागपूरहून यायचं. वर्ध्यात क्लबचे सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण हुरड्याची सहल मात्र दरवर्षी आमच्याकडेच. एका सभासदाचा माळ सपाट होता, तिथे विमान उतरायचं. उतरण्याआधी ते सभासदांच्या घरांवरून एकेक चक्कर मारायचं, आणि त्या वेळी घरच्या बाईने गच्चीवर कापड पसरायचं, अशी रीत पडून गेली होती. कुणाची सतरंजी, कुणाची चादर, माझं हिरवं पातळ. कापड पसरलेलं म्हणजे घरी सगळं ठीक आहे, या, वाट बघतोय. वरच्या माणसाला ते दिसलं की तो पंख हलवायचा. पुरुषांनी क्लबचे नियम छापून घेतले होते. हा नियम आम्हा बायकांचा, तो कुठेही छापलेला नव्हता, आणि तेवढा एकच सगळे पाळत.

माझे यजमान कॉलेजात गणित शिकवायचे आणि सुट्टीत विमान चालवायचे. एवढ्याच कारणावरून माझ्या वडिलांनी या लग्नाला नकार दिला होता. ते आर्वीच्या शाळेत मास्तर. “ज्याचे पाय जमिनीवर नाई, त्याले मी पोरगी देत नाई,” असं त्यांनी भर बैठकीत सांगितलं. मी त्यांचीच मुलगी, माझाही हट्ट काही कमी नव्हता. लग्न वर्ध्यात झालं, कन्यादान मामांनी केलं, आणि त्या दिवसापासून वडील माझ्याशी बोलले नाहीत. आई दोनदा येऊन भेटून गेली. वडिलांचा विषय निघाला की ती डोळ्याला पदर लावायची. मग मीच विषय बदलायची, आणि ती गेल्यावर भांडी आदळायची.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला हुरड्याचा बेत ठरला. यजमान म्हणाले, “यंदा तुला वर नेतो. कुठे जायचं ते तू सांग.”

मी आर्वी म्हटलं. विचार करायला क्षणभरही लागला नाही.

मामा कापसाच्या कामाने दर आठवड्याला वर्ध्याला यायचे. त्यांना मी बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, “मामा, बाबाले सांगा. रविवारी आम्ही आर्वीवरून जाणार आहो. राग गेला असन तर गच्चीवर धोतर टाका म्हणा. नसन गेला, तर काही टाकू नका.”

“सांगतो ना बाई. काऊन घाबरतं?” मामा म्हणाले, आणि थंडीचे दिवस असून त्यांनीच कपाळ पुसलं.

रविवारी माळावर शेकोटी पेटली होती. गोवऱ्यांच्या धुरात कोवळ्या ज्वारीचा गोड वास मिसळला होता. सभासदांच्या बायका वांग्याचं भरीत कालवत होत्या. मी यजमानांचा कोट घातला, कानटोपी बांधली आणि पुढच्या जागेवर चढून बसले. चालवणारा मागे बसायचा. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, रबरी नळीतून नुसता आवाज कानात यायचा. मला ते बरंच वाटलं, कारण माझंही तोंड त्यांना दिसत नव्हतं.

जमीन कधी सुटली ते मला कळलंच नाही. वाटलं, आपण आहोत तिथेच आहोत आणि खालचं जग कुणीतरी सावकाश मागे ओढून नेतंय. वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या शेतांत कुठे कुठे कापूस राहून गेला होता. तुरी पिवळ्या पडल्या होत्या. वाटेवर कापसाच्या बंड्या एकामागे एक चालल्या होत्या, बैल कुठले नि बंडी कुठली ते ओळखू येत नव्हतं. आर्वीची छोटी गाडी धूर सोडत निघाली होती. लहानपणी ती मला केवढी मोठी वाटायची! आमची सावली तिच्या डब्यांवरून सरकत पुढे गेली. थंडीने गाल बधिर झाले होते आणि डोळे मिटायला आले होते. मी झोपेत माहेरी चालले आहे, असं मला खरोखर वाटत होतं.

“आर्वी,” नळीतून आवाज आला, आणि मी वाकून खाली बघू लागले.

आधी आमचा कडुनिंब दिसला. मग छपराचे लाल कवेलू. मग मागच्या बाजूची, स्वयंपाकघरावरची लहानशी गच्ची.

गच्चीवर धोतर होतं.

लांबच्या लांब, चांगलं ताणून पसरलेलं. थोडं मळकट दिसत होतं. आईच्या हातून आता पूर्वीसारखं धुणं होत नसेल, असं मनात आलं आणि मला रडूच कोसळलं. यजमानांनी पंख हलवले, एकदा, पुन्हा एकदा. विमान वळेपर्यंत मी मान मागे वळवून ते धोतर बघत राहिले. परतीच्या वाटेवरचं मला काहीही आठवत नाही.

इतका वेळ घेतला म्हणून क्लबचे सेक्रेटरी यजमानांवर चांगलेच उखडले. मी त्यांच्यापुढे हुरड्याचं ताट धरलं आणि सगळं सांगितलं. ते ताट हातात घेत म्हणाले, “अजून एक चक्कर मारायची होती.”

दुसऱ्या दिवशी तिळगुळाचा डबा घेऊन मी पहिल्या मोटारीने आर्वीला गेले. दार वडिलांनीच उघडलं. मी सरळ वाकून नमस्कार केला.

“बाबा, मले वरून दिसलं.”

“काय दिसलं?”

“धोतर. तुम्ही टाकलं ते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून आईकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मग पुन्हा माझ्याकडे, माझ्या हातातल्या डब्याकडे.

“नीट दिसलं?” त्यांनी विचारलं.

“एकदम नीट.”

“मंग, उभी काऊन? आत ये.”

चहा ठेवता ठेवता आईने मला खरं काय ते हळू आवाजात सांगितलं. मामांची हिंमतच झाली नव्हती. ते येऊन, चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा करून निघून गेले होते. धोतर आईने टाकलं होतं, जुनं, वाटल्या मुगाच्या मुंगवड्या वाळवायला. “विमान आलं तवा हे न्हाणीत होते. तोंडाले साबण लावून बाहेर आले. कोण येडा इतक्या खालून जाऊन राह्यला म्हणे.”

मामांचा असा संताप आला मला! आणि लाजही वाटली. मी उठले. बाहेर जाऊन सांगणार होते की चूक झाली, मला काही माहीत नव्हतं. आईने माझा हात धरला.

“राहू दे. आता ते त्याईनंच टाकलं.”

निघताना वडील मोटारीपर्यंत पोचवायला आले. वाटेत शाळेच्या गोष्टी बोलले, पावसाच्या बोलले. मोटार सुटायच्या वेळी खिडकीशी येऊन म्हणाले, “पुढच्या वेळी जावयाले घेऊन येजो. मोटारनं या म्हणावं.”

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा आर्वीवरून गेलो. या खेपेला मी कुणाकडूनही निरोप धाडला नव्हता. घरी जाणं-येणं सुरू झालं होतं, सहलीचा दिवस बोलण्यात निघाला असेल, तेवढंच. कडुनिंब आला, कवेलू आले, आणि गच्ची दिसली. धोतर निळीत घातलेलं, पांढरंशुभ्र होतं. तीन कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. चौथ्या कोपऱ्यावर पाय रोवून, डोळ्यांवर हात धरून वडील उभे होते.

धोतरावर एकही मुंगवडी नव्हती.